जपून ठेवलेले पट्टे

माझ्या धाकट्या बहिणीसारखी बाई या शहरात दुसरी नाही. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही, खरं म्हणून सांगतो. भाऊ म्हणून सांगायला बसलो असतो तर आणखी बरंच सांगितलं असतं.

तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. नऊ महिन्यांची असताना चालायला लागली, आणि तेव्हापासून निवांत बसलेली मी तिला चार-पाच वेळाच पाहिली असेन. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी लागलीय, एक दिवस ही आंघोळसुद्धा चालता चालताच करील." डोकंही तसंच पळायचं. माझं आणि शाळेचं सातवीतच फाटलं. ती दहावी झाली आणि पुढची परीक्षा नोकरी सांभाळून दिली. नोकरी कसली, तर इस्पितळाच्या धुलाईखान्यात. तळघरातून ओल्या चादरींची गाडी ढकलत उतारावरून वर न्यायची, वाळवून, घड्या घालून सात मजल्यांवर पोचवायची. ओली चादर किती जड असते ते ज्यानं उचललीय त्यालाच कळतं. अशी अकरा वर्षं. आणि वर माझ्या घरी येऊन वहिनीला विचारायची, "काही काम आहे का गं?"

मग एक दिवस आरोग्य खात्याच्या भिंतीवर कागद लागला. घरोघरी जाऊन माहिती गोळा करणारी माणसं पाहिजेत, आपापल्या लोकांची बोली येणारी. आमच्यातून बेचाळीस अर्ज गेले. घेतली एकटी भिंगरी. अट एवढीच, सहा महिने काम बघणार, पटलं तर कायम, नाही पटलं तर रामराम. ती धुलाईखाना सोडून तिकडे गेली. म्हणजे मागची दोरी कापली म्हणा ना. धुलाईखान्यात तिच्या जागी तिसऱ्याच दिवशी दुसरी बाई आली होती.

आता काम काय होतं ते सांगतो. आमच्या शहरात चार तऱ्हेचे लोक. जुने शहरवाले, खाडीवाले, मैदानवाले आणि आम्ही डोंगरवाले. डोंगर सोडून आमच्या दोन पिढ्या झाल्या, मला तर चढ दिसला की गाडीचा गिअर आठवतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आरोग्य खात्यातल्या मोठ्या डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं की साखरेचा आजार आमच्यात आणि खाडीवाल्यांत जास्त, शहरवाल्यांत कमी. असं का? कोण किती हलतं आणि कोण किती बसून राहतं, हे चारही लोकांत मोजायचं त्यांनी ठरवलं. त्यासाठी एक फॉर्म, आणि एक पट्टा. पट्ट्याला काड्यापेटीएवढी पांढरी डबी. सकाळी उठल्यावर कमरेला बांधायचा, रात्री झोपताना सोडायचा, सात दिवस. माणूस किती पावलं चालला, किती तास नुसता बसला, सगळं डबीत जमा.

बाकीच्यांना साठ घरं करायला सहा आठवडे लागले. भिंगरीनं तीन आठवड्यांत केली. आमच्या इमारतींत लिफ्ट असते, चालत नसते. ही जिन्यानं सहाव्या मजल्यावर जायची आणि दम न लागता पहिला प्रश्न विचारायची.

फॉर्म मात्र चमत्कारिक होता. आमच्या मजल्यावर एक हमालकाका राहतात. पाठीवर कपाटं वाहून नेतात, वय साठीच्या घरात. जिन्यातच गाठ पडली. काकांच्या पाठीवर शिवणयंत्र होतं.

"काका, आठवड्यातून किती वेळा व्यायाम करता?"

"व्यायाम? छे गं. मला कुठे वेळ आहे त्याला!"

"मग फिरायला वगैरे जाता?"

"रिकामटेकडा आहे का मी? बाजूला हो आधी, हे यंत्र तुझ्या पायावर पडेल."

भिंगरीनं 'नाही' लिहिलं, आणि शेजारच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'पाठीवर शिवणयंत्र होते.'

पट्टा मलाही मिळाला. मी दुधाची गाडी चालवतो. सात दिवसांनी आकडा आला तेव्हा कळलं की आमच्या साठ घरांत मी पहिला. रोजची एकोणीस हजार पावलं! मी इमारतीत सगळ्यांना सांगितलं. खालच्या दुकानदाराला दोनदा सांगितलं. आमची ही म्हणाली, "तुम्ही? वरून पिशवी न्यायची असली तर खालून मला फोन करता तुम्ही." मी म्हटलं, मत्सर वाईट असतो.

पण बाकी सगळ्यांचं पानिपत झालं होतं.

एका दुपारी मी गाडी धूत होतो तर भिंगरी आली आणि पायरीवर बसली. बसली! माझ्या हातातली नळी तशीच वाहत राहिली.

"काय झालं गं?"

"दादा, आपले लोक दिवसाचे तेरा तास बसून असतात म्हणे. आपल्या बायका तर शहरात सगळ्यांत कमी चालतात. भिंतीवर चार रंगांच्या पट्ट्या काढून लावल्यात. आपली सगळ्यांत बुटकी."

"कोण म्हणतो?"

"डबी म्हणते." मग खाली बघत म्हणाली, "आणि आकडेवाला म्हणतो की एक तर तुमचे लोक आळशी आहेत, नाहीतर तुम्ही घरोघरी गेलाच नाहीत. पट्टे खणात ठेवले आणि फॉर्म घरी बसून भरले. तीन आठवड्यांत साठ घरं कुणाची होतात, असं विचारतो."

आकडेवाला म्हणजे त्या खात्यात काचेमागे कॉम्प्युटरवर बसणारा माणूस. जाड चष्मा, खुर्चीवर उशी. मी म्हटलं, "चल, आत्ता गाडी काढतो. त्याला सहा मजले चढवून आणतो."

"दादा, हात उचलायची गोष्ट नाही ही. डॉक्टरबाईंनी आठ दिवस दिलेत. तोवर अहवाल थांबवलाय. आठ दिवसांत असं का झालं ते सांगता आलं नाही, तर माझी नोकरी गेली. आणि नुसती नोकरी नाही. खोटं काम करून गेली, असं होऊन जाईल."

आमच्या घराण्यात गरिबी बघितलीय, आजार बघितलेत. खोटेपणाचा डाग कुणाला लागलेला नाही. तो नेमका हिला लागावा?

दुसऱ्या दिवशी ती आकडेवाल्याकडे गेली आणि भांडली नाही. नुसतं म्हणाली, "भाऊ, दिवसाचा एक आकडा नको. तासातासाचं दाखवा." त्यानं दाखवलं. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत रेघ सरळ. शून्य. संध्याकाळी सातनंतर थोडी हालचाल, दहाला परत शून्य. जवळजवळ सगळ्या बायकांचं असंच.

भिंगरी म्हणाली, "माणूस बसला तरी पाय हलवतो, पाठ खाजवतो. ही रेघ बसलेल्या माणसाची नाही. ही कपाटातली आहे."

"तेच तर मी म्हणतोय," आकडेवाला म्हणाला. "तुमच्या कपाटातली."

"माझं कपाट रोज संध्याकाळी सात ते दहा फिरायला जातं का?"

त्यानं चष्मा काढून पुसला. पण म्हणाला, "मग कारण आणा."

कारण आणायला ती पुन्हा घरोघरी निघाली. सगळीकडे एकच उत्तर. "घातला की रोज! शपथ!" आणि ते खोटं बोलत नव्हते, हीच तर गंमत. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ती माझ्या घरी आली, चहा घेतला, आणि आमच्या हिला सहज विचारलं, "वहिनी, पट्टा कुठे ठेवायचीस गं?"

आमची ही एका मोठ्या कार्यालयात साफसफाई करते. पाच मजले, त्यांचे जिने, अठरा संडास. ती उठली, कपाट उघडून वरचा खण दाखवला. "इथं. रुमालात गुंडाळून."

"आणि कामावर?"

"कामावर कशाला नेऊ? साबणाच्या पाण्यात पडला म्हणजे? दुसऱ्याची वस्तू, तीही सरकारी. संध्याकाळी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून मग बांधायचे. टीव्हीसमोर बसताना. कसा नवाकोरा परत दिला की नाही?"

भिंगरीनं कप खाली ठेवला. मला हसू फुटलं, पण तिचं तोंड बघून गिळलं.

ही आमच्या लोकांची जातच. शेजाऱ्याची कढई आणली तर आम्ही ती वापरून नाही, घासून परत देतो. कधीकधी तर न वापरताच घासून देतो. पाहुण्यानं दिलेला कप कपाटातच म्हातारा होतो. साठ घरांत पट्टे गेले आणि जवळजवळ साठही घरांनी ते असे जपले. काम करताना काढून ठेवले, आराम करताना बांधले. डबीनं बघितलं ते खरंच सांगितलं. तिनं आमचा आरामच तेवढा बघितला होता.

"झालं तर मग!" मी म्हटलं. "सुटलीस! सांग जाऊन, लोकांनी नीट घातले नाहीत."

ती वहिनीकडे वळली. मग हळूच म्हणाली, "वहिनी, पट्टा देताना मी काय म्हणाले होते तुला?"

"तू म्हणालीस, महाग आहे हं, जपून ठेव."

"सगळ्यांना तेच म्हणाले मी. साठही घरांत." तिनं कपाळाला हात लावला. "कागदावर लिहिलं होतं, 'काम करतानाही काढू नये'. ते मी वाचून दाखवलं, पण घाईघाईत. आणि निघताना दारात उभी राहून आपल्या बोलीत म्हणायचे, जपून ठेवा. लोकांनी कागदाचं ऐकायचं की घरच्या मुलीचं?"

मी तिला समजावलं. खोटं कशाला सांगू, समजावलंच. म्हटलं, "हे बाहेर काढायची काय गरज? मशीन खराब होतं म्हण. लोक अडाणी म्हण. तुझे सहा महिने भरायला वीस दिवस उरलेत. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतेस?"

"मशीन चांगलं होतं, दादा. लोकही चांगले होते."

"अगं पण नोकरी जाईल!"

"जाईल तर जाईल. आज मी लोकांवर ढकललं, तर तो अहवाल असाच छापला जाईल. डोंगरवाले आळशी, खाली माझी सही." मग माझ्याकडे वळली. "आणि दुसरं. तुझी गाडी बंदराच्या खडबडीत रस्त्यानं जाते ना?"

"रोज. हाडं खिळखिळी होतात."

"तुझी एकोणीस हजार पावलं गाडीनं टाकलीत. ती मी खोडणार आहे."

सख्खी बहीण! आमची ही स्वयंपाकघरात जाऊन हसली ती चांगली दहा मिनिटं.

आठव्या दिवशी मीच तिला गाडीतून घेऊन गेलो. डॉक्टरबाईंच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं थोडकं. आकडेवाला भिंतीपाशी. भिंगरी खुर्ची असून उभी.

तिनं पहिलं वाक्य हे बोललं, "बाई, चूक माझी आहे." आणि मग जपून ठेवाचं सगळं सांगितलं, वहिनीच्या खणासकट. माझी पावलंही सांगितली. मी दाराची कडी बघत राहिलो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सहा महिन्यांच्या परीक्षेवर असताना हे येऊन सांगताय," त्या म्हणाल्या. "याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

"कळतो. पण मला काढायचं तर मोजणी झाल्यावर काढा. मला बारा पट्टे आणि एक आठवडा द्या. आणि भाऊंना एक दिवस माझ्याबरोबर पाठवा."

"मला?" आकडेवाला दचकला.

"तुम्ही म्हणता ना, घरी बसून फॉर्म भरले? या बघायला."

बाईंनी पट्टे दिले. आकडेवालाही दिला, म्हणजे एका दिवसापुरता बरोबर पाठवला.

आता खरी करामत. लोकांना सांगून भागणार नव्हतं. 'काम करताना घाला' म्हटलं की लोक 'हो' म्हणाले असते आणि रुमालात गुंडाळून ठेवला असता. भिंगरीनं दोन मोडक्या छत्र्या आणल्या. त्यांच्या काळ्या कापडाच्या बारा पिशव्या शिवल्या, डबीच्या मापाच्या, तोंड आवळायला नाडी. डबी पिशवीत, पिशवी कपड्यांच्या आत कमरेला. आणि दारात उभी राहून म्हणायची, "पिशवी माझी आहे, घरची. भिजू दे, मळू दे, फाटू दे. मला ती खराब झालेलीच परत पाहिजे. जिची पिशवी कोरी, तिच्याशी मी बोलणार नाही." बायका हसायच्या. पण बांधायच्या.

आकडेवाला ठरल्या दिवशी आला. भिंगरीनं त्याला वहिनीच्या कामावर नेलं. आमच्या हिच्या मागून बादली घेऊन, म्हणजे बादली हिच्या हातात, तो नुसता मागून. तिसऱ्या मजल्यावर त्यानं पायरीवर बैठक मारली.

"वहिनी," तो म्हणाला, "हे तुम्ही रोज करता?"

"रोज कुठे? रविवारी सुट्टी असते की."

"आणि फॉर्मात व्यायामासमोर 'नाही' लिहिलंत?"

"व्यायाम म्हणजे ते हात वर-खाली करतात ते ना? ते नाही बाई मला जमत. उठा आता, तुमच्याखालची पायरी पुसायचीय."

आठवड्यानं पिशव्या परत आल्या त्या बघण्यासारख्या होत्या. एकीला डांबर, एकीला मैदा, हमालकाकांच्या पिशवीची तर नाडीच शिल्लक होती. डबी मात्र धडधाकट. आकडे निघाले. कामाच्या दिवशी आमच्या बायका चौदा-चौदा हजार पावलं. हमालकाका बावीस हजार, तेही ओझ्याखाली. मी ढोल वाजवायचाच काय तो बाकी ठेवला होता. म्हटलं, "भिंगरे, आता भिंतीवर आपली पट्टी सगळ्यांत उंच! छाप मोठ्या अक्षरात!"

"थांब, दादा. पुढचं पान बघ."

पुढच्या पानावर बारातल्या चार म्हाताऱ्या. सून-मुलगा कामावर, लिफ्ट बंद, खाली उतरलं तर परत कोण चढवणार? सकाळपासून एका खुर्चीत. त्या खरंच तेरा तास बसून होत्या. आणि पन्नाशीतली दोन माणसं, पहारेकरी, दोघंही साखरेचे रोगी. बारा तास एका स्टुलावर.

"हे कशाला दाखवतेस त्यांना?" मी म्हटलं. "आपल्या लोकांची अब्रू..."

"आपल्यातल्या चालणाऱ्यांना आपण चालतो हे माहीतच आहे. बसलेल्यांना कोण विचारतं? हे मी नाही लिहिलं तर ती लिफ्ट दुरुस्त करा असं कोण म्हणणार? आणि डोंगरवाले बसतात की चालतात, असं एका पट्टीत मावत नाही दादा. कुणाच्याच लोकांचं मावत नसणार."

सातवीपर्यंत शिकलेला माणूस यावर काय बोलणार? मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याची आमच्या घरात नोंद ठेवतात, इतकं ते दुर्मीळ आहे.

तिनं दोन्ही पानं नेऊन दिली. त्या दिवशी मला दाराशीही उभं राहू दिलं नाही. मी खाली गाडीत बसून स्टिअरिंगचं रबर नखानं सोलत होतो. पाऊण तासानं ती आली, दार उघडून आत बसली.

"काढलं?"

"जुना अहवाल काढला. फाडला म्हण."

"तो मरू दे! तुझं काय?"

"बाई म्हणाल्या, चूक लेखी द्या. मी दिली. ती माझ्या फाईलमध्ये लागणार, कायमची." तिनं ओढणीच्या टोकानं मान पुसली. "आणि म्हणाल्या, कायमची फाईल कायमच्या माणसाचीच असते."

मला हे समजायला पुढचा चौक लागला. मग मी जो हॉर्न वाजवला, तो थेट घरापर्यंत.

आता चारही लोकांची मोजणी नव्यानं होणार आहे. कारण डॉक्टरबाईंना शंका आली, आमच्यात पट्टे कपाटात गेले, तर खाडीवाल्यांत आणि मैदानवाल्यांत कुठे गेले असतील? शहरवाल्यांचं तर ऐकलं, त्यातल्या काहींनी पट्टा बांधला म्हणून त्या आठवड्यात मुद्दाम दुप्पट फेऱ्या मारल्या. नवीन मोजणीआधी सगळ्या घरोघरी जाणाऱ्यांना शिकवायचं काम कुणाला दिलं? आमच्या भिंगरीला. मी पहिल्या दिवशी गेलो होतो. दूध पोचवायला उशीर झाला, होऊ दे.

लांबट खोली, खिडकीशी पंखा, चौदा माणसं वह्या उघडून बसलेली. आकडेवाला शेवटच्या रांगेत, उशी बरोबर घेऊन. भिंगरी एकटीच उभी. तिनं छत्रीच्या कापडाची पिशवी टेबलावर ठेवली आणि सुरुवातीलाच साठ घरांत आपण काय चुकलो ते सांगितलं. न लाजता, न रडता. काही हसले. काहींनी लिहून घेतलं.

पुढे बसलेली खाडीवाल्यांतली एक तरुण बाई हात वर करून म्हणाली, "ताई, पण आमच्यात ही पिशवी चालणार नाही. आमच्या बायका अर्धा दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असतात. कमरेला काही टिकत नाही."

"मग त्या चावी, सुटे पैसे कुठे ठेवतात?"

"दंडाला बांधतात, फडक्यात."

"दंडाला," भिंगरी म्हणाली. तिनं वही ओढली, पेन शोधलं. "थांब, लिहून घेते. डावा की उजवा?"